हास्य आणि भय एका चौकटींत : 'बोन' ही चित्रकादंबरी

हास्य आणि भयानक हे रस परस्परांचे वैरी आहेत, असें साहित्यदर्पणकार विश्वनाथानें सांगून ठेविलें आहे. ज्याला हसूं येत आहे त्याला भय वाटत नाहीं, आणि जो भ्याला आहे तो हसत नाहीं. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं, त्याला शास्त्राचा आधार नसता तरी चाललें असतें. परंतु नियम घालून देणारे शास्त्रकार आणि नियम मोडून दाखविणारे कवि यांचें भांडण जुनेंच आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत अदृश्य मातलि विदूषकाला धरून त्याची मान मुरगाळूं लागतो, तेव्हां तो बिचारा आपला ऊंस होत असल्याची ओरड करतो. प्रेक्षकाला हसूं आवरत नाहीं. आणि त्याच ओरडण्यानें शोकांत बुडालेला दुष्यंत धनुष्य हातीं घेतो. येथें हसूं भयाला मारीत नाहीं, उलट त्याला धार लावतें.

कालिदासानें एका प्रवेशांत जें साधलें तें सबंध ग्रंथभर चालवितां येईल काय? आला भयाचा प्रसंग कीं केला विनोद, अशी युक्ति चारदोन वेळां खपते. पुढें वाचकाला तिची संवय होते, आणि मग त्याला ना हसूं येतें ना भय वाटतें. या प्रश्नाचें एक अनपेक्षित उत्तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून आलें आहे, आणि तेंही चित्रांच्या गोष्टीच्या रूपानें. पुस्तकाचें नांव 'बोन', म्हणजे अक्षरशः 'हाड'. कर्ते जेफ स्मिथ. १९९१ च्या जुलै महिन्यांत त्याचा पहिला अंक निघाला आणि २००४ सालीं ५५ व्या अंकानें कथा पूर्ण झाली. हे अंक नऊ भागांत ग्रथित झाले असून २००४ सालींच सगळी कथा १,३०० हून अधिक पानांच्या एका जाडजूड खंडांतही निघाली.

चित्रकादंबरी हा शब्द ऐकतांच पुष्कळ सुशिक्षित घरांत अजून भुंवया किंचित् वर जातात. मुलगा असें पुस्तक घेऊन बसला कीं, 'आतां कांहीं तरी वाचायला घे' असें त्याला सांगण्यांत येतें. जणूं काय हातांतलें तें वाचनच नव्हे. वस्तुतः या प्रकारांत वाचकाला बरेंच काम असतें. पानावर चौकटी आंखलेल्या असतात आणि दोन चौकटींच्या मध्यें पांढरी फट असते. एका चौकटींत उगारलेली काठी दिसते, दुसऱ्या चौकटींत फुटलेलें मडकें दिसतें. प्रत्यक्ष तडाखा कोठेंच काढलेला नसतो. तो वाचकानें आपल्या मनांत, त्या फटींत, मारावयाचा असतो. फट किती वेळाची, क्षणाची कीं रात्रीची, हेंही त्यानेंच ओळखावयाचें. विनोद आणि भय हे दोघेही वेळेचे गुलाम आहेत. हंशा पिकविणारें वाक्य अर्धा क्षण लवकर आलें तर फुकट जातें, आणि दारामागचा राक्षस अर्धा क्षण उशिरां आला तर हास्यास्पद होतो. त्यामुळें ज्या कलेंत फटींची मालकी कर्त्याच्या हातीं आहे, तिच्यांत या दोन वैऱ्यांचा समेट होऊं शकतो.

स्मिथ यांची तयारी पाहिली म्हणजे हा समेट आकस्मिक नव्हे हें ध्यानांत येतें. १९६० सालीं पेन्सिल्व्हेनियांत जन्मलेले हे गृहस्थ ओहायोंतील कोलंबस शहरांत वाढले. फोन बोन हें पात्र त्यांनीं पांचसहा वर्षांचे असतांनाच काढलें होतें. १९८२ ते १९८६ या काळांत ओहायो राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या दैनिकांत ते 'थॉर्न' नांवाची चित्रमालिका काढीत. 'बोन'मधील पुष्कळ पात्रें तेथेंच प्रथम वावरलीं. पुढें त्यांनीं मित्रांसमवेत हलत्या चित्रांचा कारखाना चालविला, आणि तेथें एक हालचाल किती चित्रांत विभागावी, कोठें थांबावें, हें हाताला शिकविलें. शेवटीं 'कार्टून बुक्स' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढून ते एकटेच या कथेच्या मागें लागले. पत्नी विजया अय्यर यांनीं आपली नोकरी सोडून संस्थेचा व्यवहार हातीं घेतला. कलावंताच्या चिकाटीचीं वर्णनें पुष्कळ होतात. हिशेबाच्या वह्या संभाळणाऱ्या हाताचीं क्वचितच होतात. तेरा वर्षें एक कथा न मोडतां चालली, यांत त्या वह्यांचाही वांटा आहे.

कथेचा आरंभ एका वाळवंटांत होतो. फोन बोन, फोनी बोन आणि स्मायली बोन हे तिघे चुलतभाऊ आपलें गांव सोडून पळाले आहेत. अपराध फोनीचा. त्याच्या नांवाचा अर्थच 'बनावट' असा आहे; नगराध्यक्षाच्या निवडणुकीच्या खटपटींत त्यानें गांवाला इतकें चिडविलें कीं लोक त्याच्या अंगावर धांवून आले. स्मायली, म्हणजे हसरा, हा उंच, आळशी आणि सदा आनंदी. कोणत्याही संकटाचा अर्थ त्याच्या डोक्यांत शिरत नाहीं. उरला फोन बोन. तो सरळ, हळवा, आणि मेलव्हिलची 'मोबी डिक' ही महाकादंबरी बरोबर बाळगणारा. ती तो कोणाला वाचून दाखवूं लागला कीं ऐकणारा हटकून झोपीं जातो. हा विनोद पुस्तकांत अनेकदां येतो आणि दर वेळीं नवा वाटतो. कदाचित् प्रत्येक वाचकाच्या घरीं असा एखादा ग्रंथ आणि असा एखादा वाचून दाखविणारा असतो म्हणून असेल.

वाळवंटांत टोळधाड येते, तिघांची ताटातूट होते, आणि फोन बोन डोंगरांनीं वेढलेल्या एका अनोळखी खोऱ्यांत जाऊन पडतो. येथें हिवाळ्याचा विषय निघतो न निघतो तोंच सगळा हिवाळा एकदम, छपरावरून गवताचा भारा पडावा तसा, धप्पदिशी त्याच्या अंगावर कोसळतो. एका चौकटींत कोरडी जमीन, पुढच्या चौकटींत गळ्याइतकें बर्फ. त्याच रानांत त्याला थॉर्न नांवाची मुलगी आणि तिची आजी बेन भेटतात. बेन आजी ही गाई पाळणारी शेतकरीण. दर वर्षीं जत्रेंत ती गाईंबरोबर पायीं शर्यत लावते आणि जिंकते. तेथपर्यंत सारें गमतीचें आहे. परंतु खोऱ्यांत केसाळ, तीक्ष्ण दांतांचे, माणूस खाणारे प्राणी फिरत आहेत. इंग्रजींत त्यांचें नांव साधें 'उंदीरप्राणी' असें आहे. मराठींत त्यांना मूषकासुर म्हणावयास हरकत नाहीं. त्यांच्यामागें एक बुरखाधारी व्यक्ति आहे, आणि तिच्यामागें टोळांचा स्वामी म्हणविणारी एक अशरीर शक्ति आहे. पहिल्या पानांवर जी टोळधाड निव्वळ अडचण वाटली तिचा अर्थ शेंकडों पानांनंतर उलगडतो. थॉर्न ही साधी शेतकऱ्याची पोर नसून आथिया या नगरीच्या सिंहासनाची वारस आहे, आणि गाईंशीं पळणारी आजी ही एके काळची राणी आहे, हेंही तसेंच सावकाश कळतें.

ध्वनिक्षेपकावरून चित्र दाखवितां येत नाहीं; तेव्हां या पुस्तकाचें एक प्रसिद्ध स्थळ शब्दांनींच उभें करणें प्राप्त आहे. दोन मूषकासुर फोन बोनच्या पाठीं लागले आहेत. तो पळत पळत एका कड्याच्या टोंकाशीं येतो आणि उडी घेऊन कड्याबाहेर आलेल्या एका बारीकशा फांदीला लटकतो. खालीं खोल दरी. आतां तो सुटकेचा श्वास टाकतो आणि स्वतःशींच विचार करतो कीं, अशा नाजूक फांदीवर माझ्यामागून उडी घेण्यास ते प्राणी भलतेच मूर्ख असले पाहिजेत. येथें चौकट संपते. पुढच्या चौकटींत ते दोन अवाढव्य प्राणी फांदीवर आहेत. उडी दाखविलेली नाहीं, कड्यावरची चर्चा दाखविलेली नाहीं. आणि मग फोन बोनच्या तोंडून त्यांच्या मूर्खपणाचा जो उद्धार होतो, तो या पुस्तकाच्या वाचकांत म्हणीसारखा होऊन बसला आहे.

या प्रसंगांत हसूं कशाचें येतें? मूषकासुर मूर्ख आहेत म्हणून नव्हे. मूर्खपणा ही फार स्वस्त वस्तु आहे. हसूं येतें तें फोन बोनचा तर्क बिनचूक असून तो निरुपयोगी ठरतो म्हणून. शत्रु शहाणा असेल तरच शहाणपणाचा बचाव चालतो. आणि नेमकें तेंच या प्रसंगांतलें भय आहे. जो प्राणी स्वतः दरींत पडण्यास भीत नाहीं त्याच्यापासून सुटका कशी करून घ्यावयाची? हास्य आणि भय येथें दोन निरनिराळ्या गोष्टींतून निघत नाहींत, एकाच गोष्टीचीं तीं दोन तोंडें आहेत. स्मिथ यांच्या साऱ्या पुस्तकाची किल्ली या फांदीवर लटकलेली आहे असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

हेच दोन मूषकासुर पुढें पुनःपुनः भेटतात. त्यांतील एकाला कीश नांवाचा पदार्थ अतिशय आवडतो. हा एक फ्रेंच खाद्यप्रकार. मैद्याच्या पारींत अंडीं आणि साय घालून भाजलेला. हातीं लागलेल्या भक्ष्याचें काय करावें यावर दोघांचा वाद जुंपतो. एकाला कीश हवा. दुसऱ्याच्या मतें असले नाजूक पदार्थ राक्षसाला शोभत नाहींत. भक्ष्य बिचारें समोर उभें राहून हा पाकशास्त्राचा वाद ऐकत असतें. संस्कृत नाटकांतला मोदकप्रिय विदूषक नायकाच्या पदरीं असतो. येथें तो खलनायकाच्या सैन्यांत भरती झालेला आहे, एवढाच फरक. परंतु त्याचा परिणाम मोठा होतो. ज्यांच्या आवडीनिवडी कळल्या त्यांचा निर्भेळ द्वेष करतां येत नाहीं. पुढें स्मायली एका मूषकासुराचें पोर पाळतो, त्याला बार्टलबी असें नांव ठेवतो, आणि मग शत्रु कोण व आपला कोण ही रेघ वाचकाच्याही मनांत पुसट होऊं लागते. फौजेच्या फौजा चालून येत असतां वाचकाला प्रत्येक दांतामागें एक पोट आहे याची आठवण राहते. गंभीर युद्धकथांतून ही आठवण राखणें कठीण जातें. येथें ती कीशानें राखली आहे.

विनोदाची दुसरी शाखा फोनी बोनची. ती अधिक कडू आहे, आणि पुस्तकांतील सर्वांत टोंकदार भाग तोच म्हणावा लागेल. गाईंच्या शर्यतींत तो स्मायलीला गाईचें सोंग देतो, या 'गूढ गाई'विषयीं अफवा उठवितो, बेन आजीचे दिवस भरले असें सुचवितो, आणि गांवकऱ्यांच्या पैजा आपल्याकडे जमा करतो. शर्यत चालू असतां रानांतून फोन बोन आणि त्याच्यामागें मूषकासुरांचा तांडाच्या तांडा त्याच वाटेवर येऊन आदळतो. हा भाग १९९४ सालीं आयस्नर पारितोषिकांत सर्वोत्तम क्रमशः कथा ठरला, आणि तें योग्यच झालें; कारण सोंगाड्याची गाय, खरोखरीच्या गाई, म्हातारी राणी आणि नरभक्षक प्राणी इतकीं सारीं एका शर्यतींत पळवून वाचकाचा कोठेंही गोंधळ होऊं न देणें ही मोठीच हातोटी आहे.

परंतु गाईच्या सोंगापेक्षां पुढचें सोंग भयंकर आहे. गांवकऱ्यांना खरें संकट मूषकासुरांचें. फोनी त्यांना पटवितो कीं संकट ड्रॅगनचें आहे, आणि ड्रॅगन मारण्याची विद्या आपल्याजवळ आहे. वस्तुतः खोऱ्यांतील तो तांबडा ड्रॅगन, झोपाळू डोळ्यांचा, लांब कानांचा, थोडासा कंटाळलेला, हाच फोन बोनला पुनःपुनः वांचविणारा आहे. पण दिसणाऱ्या शत्रूपेक्षां न दिसणारा शत्रु विकावयास सोपा असतो. लोक भितात, भिऊन फोनीभोंवतीं जमतात, आणि त्याच्याजवळ आपली मालमत्ता आणून देतात. त्यांना खरें सांगूं पाहणारा ल्यूशियस हा जुना, सरळ खानावळवाला एकटा पडतो. हें सारें हंसवीत हंसवीत चाललेलें असतें. आणि अशांत एके दिवशीं फोनीच्या खोट्या सापळ्यांत खराच ड्रॅगन सांपडतो. आतां थापाड्याला आपली थाप पुरी करून दाखविल्यावांचून गत्यंतर नाहीं, कारण मागें उभी असलेली गर्दी त्यानेंच बनविली आहे. येथें वाचकाचें हसूं ओठांवर थिजतें. भयाच्या व्यापाराचें इतकें सुबोध चित्र राजकारणावरील जाड्या ग्रंथांतूनही सहसा आढळत नाहीं. दहा वर्षांच्या मुलाला तें समजतें, आणि त्याच्या बापालाही.

तेव्हां हें पुस्तक मुलांच्या हातीं द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न आलाच. अमेरिकेंत तो प्रत्यक्ष उपस्थित झाला. २००५ पासून स्कोलास्टिक या बालवाङ्मयाच्या मोठ्या प्रकाशनसंस्थेनें आपल्या ग्राफिक्स या शाखेतर्फे 'बोन'ची रंगीत आवृत्ति काढली, ती शाळांच्या ग्रंथालयांत गेली, आणि लहान वाचक लाखांच्या वाटेनें तिच्याकडे आले. २०१० सालीं मिनेसोटांतील एका शाळेच्या ग्रंथालयांतून तें काढून टाकावें अशी एका पालकांची मागणी आली. धूम्रपान, मद्यपान आणि जुगार हीं कारणें. शाळाखात्याच्या समितीनें विचार करून पुस्तक ठेविलें. २०१३ सालच्या ज्या पुस्तकांवर सर्वांत अधिक आक्षेप आले त्यांच्या अमेरिकन ग्रंथालय संघाच्या यादींत 'बोन' दहावें होतें. त्या वेळचीं कारणें राजकीय दृष्टिकोन, वर्णद्वेष आणि हिंसा.

आक्षेपांचा विचार एका मापानें करूं नये. स्मायलीच्या तोंडांत चिरूट असतो हें खरें, आणि ल्यूशियसच्या खानावळींत बीअर मिळते हेंही खरें. परंतु ही खानावळ फोनीला आपल्या लबाडीचें कर्ज भांडीं घासून फेडावयाची जागा आहे, आणि पैजेच्या नादानें तो प्रत्येक वेळीं तोंडावर आपटतो. त्यांतून जुगाराची गोडी लागेल असा वाचक कल्पिणें कठीण आहे. वर्णद्वेष कोठें सांपडला तें पुस्तक वाचून उमगत नाहीं. राजकीय दृष्टिकोनाचा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. कारण लोकांना भिववून त्यांच्या पेट्या उघडणें हें राजकारण असेल, तर पुस्तक त्याच्या विरुद्ध आहे यांत संशय नाहीं. हिंसेचा आक्षेप सर्वांत खरा. थॉर्न मूषकासुरांच्या महाकाय राजाचा हात तलवारीनें तोडते. पुढें गांवें जळतात, माणसें मरतात. ज्या घरीं सात वर्षांचें भित्रें मूल आहे त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं उत्तरार्ध आधीं स्वतः चाळावा, हें बरें. परंतु हिंसा आहे म्हणून पुस्तक काढून घेणें म्हणजे रामायणांतून लंकाकांड फाडून ठेवण्यासारखें आहे. मुलाला भय भेटणारच. तें हसणाऱ्या सोबत्यांच्या संगतींत भेटलें तर त्यांत तोटा कसला?

चित्रांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण कथेइतकीच किमया त्यांत आहे. तिघे बोन अगदीं मोजक्या रेषांनीं काढलेले आहेत. वर्तुळासारखें डोकें, मोठें गोल नाक, पांढरें शुभ्र अंग. वॉल्ट केली यांची 'पोगो' ही वर्तमानपत्री मालिका आणि कार्ल बार्क्स यांच्या कंजूष बदककाकांच्या गोष्टी यांवर स्मिथ वाढले, आणि त्यांचें ऋण ते मोकळेपणें सांगतात. फोनी हा तर त्या बदककाकांचाच दूरचा पुतण्या. परंतु या गोळीबंद पात्रांच्या भोंवतालचें रान मात्र खरें आहे. झाडांच्या मुळ्या, कड्यांच्या भेगा, धबधब्याखालचा ओलावा, सारें कुंचल्यानें आणि शाईनें मन लावून काढलेलें. ओहायोंत हॉकिंग हिल्स या नांवाच्या वनांत 'ओल्ड मॅन्स केव्ह' नामक खरीच एक गुहा आहे. कथेच्या सहाव्या भागाला तिचेंच नांव आहे. खोटीं पात्रें खऱ्या रानांत सोडलीं कीं दोन्हींना जोर येतो. थॉर्न आणि आजी यांचे चेहरे या दोहोंच्या मधल्या रेषेनें काढलेले आहेत, आणि त्यामुळें तीं बोनशींही बोलूं शकतात व तलवारही उचलूं शकतात.

मूळ अंक काळ्यापांढऱ्या रंगाचे होते. रात्रीच्या प्रसंगांत सारें पान शाईनें माखलेलें असतें आणि त्यांत फोन बोनची पांढरी आकृति एवढीच उजेडाची जागा उरते. काळोखांत तो किती उघडा, किती असहाय आहे हें एका शब्दावांचून कळतें. स्टीव्ह हॅमेकर यांनीं पुढें दिलेले रंग सुरेख आहेत, मुलांना ते आवडतात, आणि शरद् ऋतूंतलीं रानें त्यांत अधिक खुलतात. रात्र मात्र निळी झाली आहे, आणि निळ्या रात्रींत तितकें भय नाहीं. ज्याला परवडेल त्यानें दोन्ही आवृत्त्या पाहाव्या. एकच घ्यावयाची तर लहानांसाठीं रंगीत आणि मोठ्यांसाठीं काळीपांढरी.

दोष नाहींत असें नाहीं. सातव्या भागापासून कथेचा उतार बदलतो. भुताटकीचीं वर्तुळें म्हणून कांहीं अदृश्य जागा निर्माण होतात, जेथें पाऊल टाकणारा माणूस नाहींसा होतो. कल्पना उत्तम, पण तिच्या पाठोपाठ स्वप्नसृष्टि, तिचे संन्यासी, राजघराण्यांतल्या दोघी बहिणींचें जुनें वैर, शिळा होऊन पडलेली ड्रॅगनांची राणी, या साऱ्यांचें विवरण येतें, आणि तें बहुधा आजीच्या तोंडून येतें. अंक दोनदोन महिन्यांनीं हातीं येत असतां ज्या पुनरुक्तीची वाचकाला गरज होती, ती सलग वाचतांना जड होते. शिवाय टोळांचा स्वामी हा शेवटपर्यंत धुरासारखा राहतो. मूषकासुरांचें पोट कळलें तसें याचें कांहींच कळत नाहीं. म्हणून त्याचें भयही धूसर वाटतें. उत्तरार्धांत विनोद कमी झाला आहे आणि त्याच प्रमाणांत भयही कमी झालें आहे, हा योगायोग म्हणतां येत नाहीं.

याचा ताळा पाहावयाचा असेल तर स्मिथ यांचेंच 'रोझ' हें पुस्तक हातीं घ्यावें. २००० ते २००२ या काळांत निघालेली ही पूर्वकथा. बेन आजी आणि तिची बहीण यांच्या तरुणपणाची. चित्रें चार्ल्स व्हेस यांचीं, आणि तीं अत्यंत देखणीं आहेत. तेंच खोरें, तेच ड्रॅगन, तेंच वैर. फक्त तिघे बोन नाहींत. पुस्तक भारदस्त आहे, करुण आहे, आणि वाचून झाल्यावर कपाटांत नीट ठेवून देतां येतें. 'बोन' तसें ठेवून देतां येत नाहीं, कारण घरांतलें कोणी ना कोणी तें अर्ध्यावर उपडें घालून गेलेलें असतें. विदूषक नसला कीं राजा गंभीर होतो खरा, पण त्याच्या जिवाची काळजी वाटेनाशी होते.

शेवटाविषयीं फार सांगणें योग्य नव्हे. थॉर्नला तिचें सिंहासन मिळतें आणि बोन आपल्या गांवाकडे निघतात, इतकें कोणीही ओळखील. फोन बोनचें तिच्यावर मन जडलेलें असतें. तिच्यासाठीं त्यानें केलेल्या बाळबोध कविता सबंध पुस्तकभर थट्टेचा विषय झालेल्या असतात. निरोपाच्या वेळीं मात्र स्मिथ थट्टा बाजूस ठेवतात, आणि तें दृश्य फार थोड्या शब्दांत उरकतात. ज्या वाचकाला तेराशें पानें हंसविलें त्याला येथें कांहीं सुचत नाहीं.

घरीं आणावयाचें तर एका खंडाची आवृत्ति अंथरुणांत पडून वाचण्यास जड जाते; सुटे भाग सोयीचे. पहिल्या भागांत कथा नुकती कोठें गांवांत पोंचते, म्हणून गाईंच्या शर्यतीचा दुसरा भाग त्याच खेपेस आणावा.